डोक्यावर तवा, तव्यावर यंत्र

दंडोबाच्या डोंगरावर रविवारी सकाळी देवाला निघालेली माणसं आम्हाला पाहून हमखास थांबायची. पुढं पन्नाशी ओलांडलेली एक बाई, तिच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उलटा लोखंडी तवा आणि तव्याच्या मधोमध काडेपेटीएवढं काळं काहीतरी चिकटलेलं. तिच्या मागून दोन प्राध्यापक आणि आठ-दहा पोरंपोरी मोबाइलमध्ये डोकं खुपसून चाललेली. कुणीतरी विचारायचंच, "कसला नवस म्हणायचा ह्यो?"

बाई मान न वळवता, कारण मान वळवून चालणार नव्हतं, उत्तर द्यायची, "नवस न्हाई, मोजणी हाय."

"कशाची?"

"आमी कुटं हाय, त्येची."

विचारणारा देवाच्या वाटेला लागायचा. आम्ही बाईंच्या मागं.

त्या शालनताई. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागाच्या परिचर. कागदावर प्रयोगशाळा परिचर, लोकांच्या बोलण्यात शिपाई आणि पोरांच्या तोंडी मावशी. मी त्यांना ताई म्हणायचो. शिक्षण सातवीपर्यंत, पण विभागातला कुठला नकाशा कुठल्या खणात आहे हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं न उघडलेले नकाशे त्या दर उन्हाळ्यात गच्चीवर घालायच्या, झटकायच्या आणि परत गुंडाळून ठेवायच्या. एकदा मी म्हटलं, "ताई, हे कुणी बघत नाही हो." तर म्हणाल्या, "बगत न्हाईत म्हून वाळवी लावायची का?"

हा खेळ विभागात आणला मी. जगभर चालतो तो. कुणीतरी डोंगरात, माळावर, नदीकाठी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी तेवढ्या आकड्यांवरून डबा हुडकायचा. आत एक वही असते, तिच्यात नाव लिहायचं, वाटलं तर एखादी छोटी वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची आणि डबा होता तिथं तसाच ठेवून यायचं. पोरांना अक्षांश-रेखांश शिकवायचे तर फळ्यापेक्षा हे बरं, असं मी आमचे विभागप्रमुख मगदूम सर यांना पटवलं. मगदूम सर शेतकरी जैन घरातले, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्यांनी एकच अट घातली, पाचच्या आत परत. त्यामुळे आमच्या साऱ्या मोहिमा उजेडात उरकल्या.

शालनताई यात आल्या त्या कॉलेजच्या नियमामुळे. मुली बरोबर असल्या की एक बाई सोबत हवीच. ती सोबत म्हणून त्या आल्या आणि पहिल्याच फेरीत आमची शोभा पाहिली.

मोबाइलमधला जीपीएस झाडाखाली आणि कड्याजवळ बावचळायचा. म्हणून विभागानं एक वेगळं यंत्र घेतलं होतं. उपग्रहांचं ऐकायचं आणि बिनवायरीनं मोबाइलला कळवायचं, एवढंच त्याचं काम. ते अचूक होतं, पण ठेवायचं कुठं? मी खिशात ठेवलं, तर माझं पोट आडवं आलं. एका पोरानं टोपीवर बांधलं, टोपी वाऱ्यानं उडाली आणि यंत्र घाणेरीच्या झुडपात गेलं. दुसऱ्यानं काठीला लावलं आणि ती काठी बॅटसारखी फिरवू लागला. मगदूम सरांनी खांद्याच्या पट्ट्याला अडकवलं, तर वाकलं की ते बगलेत. डबा ठरल्या जागेपासून कधी डावीकडं दाखवायचं, कधी उजवीकडं. तासभर आम्ही एका वडाभोवती फिरत होतो.

शालनताई दगडावर बसून बघत होत्या. शेवटी उठल्या. म्हणाल्या, "सर, त्येला वरचं ऐकायचं हाय न्हवं?"

"हो."

"मग खिशात, काखंत कशाला घालताय? आभाळ दिसाय पायजे त्येला. द्या हिकडं."

त्यांनी जेवणाच्या डब्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, पीळ दिला, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर यंत्र ठेवून चालायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून वैरणीचे भारे आणि पाण्याच्या घागरी वाहिलेलं डोकं ते. खालची वाट कितीही वेडीवाकडी असो, वरचं हलायचं नाही. मोबाइलवरचं टिंब पहिल्यांदाच सरळ रेषेत चाललं. दहा मिनिटांत डबा हातात होता.

पण यंत्र नुसत्या फडक्यावर घसरायचं. ताईंनी घरी जाऊन त्यावर विचार केला. यंत्राच्या पोटात लोहचुंबक होतं, गाडीच्या टपाला चिकटावं म्हणून. दुसऱ्या फेरीला त्या स्टीलची ताटली घेऊन आल्या. ती चिकटेना. ॲल्युमिनियमचं झाकण आणलं, तेही चिकटेना. तिसऱ्या फेरीला घरातला कडेला चिरलेला जुना तवा आला. यंत्र त्याला असं धरून बसलं की काढायला नख घालावं लागे. आणि गंमत अशी की तव्यावर ठेवल्यापासून आकडे पूर्वीपेक्षा स्थिर झाले. मगदूम सरांनी आठवडाभर पुस्तकं चाळली आणि सांगितलं की खालून लोखंडाचा पत्रा असला की जमिनीवरून आणि खडकांवरून परतून येणारे संदेश अडतात, फक्त वरचे पोचतात. मोठे मोजणीवालेही अशीच तबकडी वापरतात म्हणे. सरांनी हे ताईंना अगदी आदरानं समजावून सांगितलं. ताई म्हणाल्या, "व्हय, घरात बी तसंच हाय. हिकडनं तिकडनं आलेलं ऐकलं की घोटाळा हुतो."

उलट्या तव्यावरून मात्र शेजारच्या बायकांनी त्यांना बोलून घेतलं. उलटा तवा अशुभ, बाईमाणसानं डोक्यावर घेऊन हिंडू नये, वगैरे. ताईंनी त्यावर तोडगा काढला होता. "चुलीवर उलटा ठिवला तर वाईट. डोक्यावरचं कुणी सांगितलंय?" शास्त्रात खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

डबा सापडला की त्या जागेचा आकडा, म्हणजे अक्षांश-रेखांश, पोरांच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही स्वतःही मोजायचो. मोबाइलवर किती उपग्रह सापडले हे दिसतं. ताईंच्या लेखी ते उपग्रह नव्हतेच, त्या सगळ्या बायका होत्या. "आज अकराजणी आल्यात, सर. एक रुसून डोंगराआड बसलीय, ती आली की घिऊ." मग त्या खरोखरच थांबायच्या. आमच्यातल्या कुणालाही इतका वेळ निश्चळ उभं राहता आलं नसतं. मी एकदा विचारलं, किती वेळ थांबायचं हे कसं ठरवता? त्या म्हणाल्या, मनातल्या मनात पाच भाकरी करते. पीठ मळून, थापून, पाणी लावून, उलटून, फुगवून एक. अशा पाच झाल्या की आकडा घ्यायचा. घाई केली तर भाकरी कच्ची आणि आकडाही कच्चा. आकडा एकदा घेऊन भागायचं नाही. सकाळी एकदा, ऊन चढल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी परत एकदा. शाळेच्या दुरेघी वहीत मराठी अंकांत तिन्ही खाली खाली लिहायचे. शेवटचे अंक जुळले तर बरोबर, नाहीतर पहिल्यापासून पुन्हा.

डब्यात ठेवायला त्या कायम हळकुंड आणायच्या. खेळाच्या नियमांत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, जनावरं येतात, असं आहे. मी तसं सांगितलं. "हळकुंड कुठलं जनावर खातंय, मला दावा," म्हणाल्या. सांगलीत राहून हळदीवर वाद घालायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. पुढं दुसऱ्या तुकडीबरोबर त्या आमच्याआधी कुठं कुठं पोचल्या होत्या हे डबा उघडताच हळकुंडावरून कळायचं.

एक फजिती तर विभागात अजून सांगतात. शिराळ्याच्या पुढं एका खिंडीजवळ डबा होता. जीपमधून जाताना यंत्र टपाला चिकटवलेलं. उतरलो, मोबाइल हातात घेतला, निघालो. दहा पावलं चाललो, वीस चाललो, तरी मोबाइलवरचं टिंब जागचं हलेना. मी बंद करून चालू केलं. पोरांनी आपापले उपाय केले. मगदूम सर म्हणाले, इथं खडकात लोह जास्त असावं, त्याचा परिणाम. मी लगेच मान डोलावली. पोरांनी लोहाचं प्रमाण वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. ताई ड्रायव्हरशी बोलत उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली, "आवं सर, यंत्र गाडीवर हाय आन् तुमी तितं हाय. त्ये बिचारं खरंच सांगतंय, मी हलल्यालं न्हाई म्हून."

दोन पीएचडी टपावरून यंत्र उतरवायला परत आल्या. त्यातली एक माझी.

अशी चार-पाच वर्षं गेली. इतरांचे डबे शोधून शोधून ताईंना एक इच्छा झाली. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. एक दिवस चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर, एक डबा माजा पायजे. माज्या गावात. आकडा बी माजा. कुणी बी कुटनं बी यावं, गावात कुणाला न इचारता, नुसत्या माज्या आकड्यावर डबा काडावा."

त्यांचं सासर कोरेगाव तालुक्यात. खाली ऊस, वर उघडा माळ. नव्या नवरी असताना त्या माळावरून वैरणीचे भारे आणायच्या. वाटेत छातीइतक्या उंचीचा एक सपाट खडक होता. भारा त्यावर टेकवता यायचा आणि परत एकटीला उचलता यायचा. जमिनीवर टेकवला असता तर कुणीतरी उचलून द्यायला लागलं असतं. त्या खडकाच्या कपारीत त्यांना डबा ठेवायचा होता. "तितं मला कुणाची गरज लागली न्हाई कवा," एवढंच त्यांनी कारण सांगितलं.

विभागाचं यंत्र नेऊन, दोन मुक्काम करून त्यांनी डबा ठेवला आणि आकडा आणला. वहीत तीन ओळी, तिन्ही जुळणाऱ्या. डब्याच्या पानावर लपवणारा म्हणून कॉलेजचं नाव होतं, पण आकडा त्यांचा. इंटरनेटवर तो चढवायचं काम माझ्याकडं आलं. आणि इथं मी जे केलं ते लिहायला आजही जड जातं.

चढवण्याआधी मी त्यांचा आकडा उपग्रहातून काढलेल्या फोटोवर ठेवून पाहिला. फोटोत खडक स्पष्ट दिसत होता. ताईंचं टिंब त्याच्यापासून चाळीसेक पावलं बाजूला, झुडपात पडत होतं. मला वाटलं, चुकलं बिचारीचं. निवृत्तीला आलेल्या बाईला कशाला सांगून दुखवायचं? मी टिंब माउसनं उचललं, फोटोतल्या खडकावर ठेवलं आणि तोच आकडा चढवला. डोंगराळ भागात असे फोटो जागेवरून सरकलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नये, हे मी दरवर्षी द्वितीय वर्षाच्या पोरांना शिकवतो. परीक्षेत पाच मार्कांना विचारतोही. त्या दिवशी मला ते आठवलं नाही. यंत्र डोक्यावरच्या तव्यावर होतं आणि फोटो आभाळातून काढलेला होता, म्हणून माझा विश्वास फोटोवर बसला. बाई सातवी शिकलेली होती, हेही त्यात होतंच.

डबा जाहीर झाल्यावर शोधायला पहिले गेले सुभेदार माने. तोफखान्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहिलेले. तोफ नेमकी कुठं उभी आहे हे मोजून देणं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. मोजणीत दहा पावलांची चूक झाली तर गोळा भलतीकडं पडतो, असं ते सांगायचे. आमच्या भागात हा खेळ खेळणाऱ्यांत त्यांचा शब्द शेवटचा समजला जाई. त्यांनी डब्याच्या पानावर लिहिलं, "दोनदा गेलो. डबा नाही. आकडा चूक. घेणाऱ्यानं आधी नीट शिकून घ्यावं."

हे विभागात मगदूम सरांनी वाचून दाखवलं तेव्हा ताई चहाचे कप गोळा करत होत्या. सर म्हणाले, "कॉलेजचं नाव आहे त्यावर. डबा काढून टाकू, नाहीतर आपण दोघं जाऊन नवा आकडा घेऊ." मग ताईंकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. चुकतं माणसाचं."

ताईंनी कप ट्रेमध्ये लावले. म्हणाल्या, "चुकला आसंल तर काडा की, सर. पर आदी मला एकदा बगू द्या."

मी तिथंच बसलो होतो. तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मला तेव्हाही वाटत होतं की मुळात त्यांचंच चुकलं आणि माझी दुरुस्ती तेवढी पुरली नाही. तीन दिवसांची रजा टाकून त्या गावी गेल्या. दीर-जाऊ ऊसतोडीच्या गडबडीत, आणि ह्या डोक्यावर तवा घेऊन माळावर उभ्या. जावेनं म्हणे विचारलं, कॉलेजात काय डोस्क्यावर परिणाम झाला का तुमच्या? ह्या काही बोलल्या नाहीत, मनातल्या भाकऱ्या चुकल्या असत्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी विभागात एकटा असताना त्या आल्या. वही टेबलावर ठेवली. जुन्या तीन ओळींखाली नव्या सहा ओळी होत्या. नऊच्या नऊ सारख्या, शेवटच्या अंकात एक-दोनचा फरक सोडला तर.

"डबा जाग्यावर हाय," त्या म्हणाल्या. "सर, इंटरनेटवर काय लिवलंय ते मला दावा."

मी पान उघडलं. त्यांनी वहीवर बोट ठेवलं आणि एकेक अंक पडद्याशी ताडून पाहिला. शेवटच्या तीन अंकांपाशी बोट थांबलं. परत पहिल्यापासून पाहिलं. मग बोट तिथंच ठेवून म्हणाल्या, "ह्यो माजा आकडा न्हवं."

मी सांगायला लागलो. फोटो, खडक, झुडूप, मला वाटलं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"फोटूत खडक तितं दिसत आसंल सर. पर मी तितं हुबी न्हवते. मी जितं हुबी हुते तितला आकडा हाय ह्यो."

मी माफी मागितली. मला लाज वाटत होती. इतकी वर्षं या बाईच्या मागून मी डोंगर चढलो, तिच्या आकड्यावर पोरांना मार्क दिले, आणि तिच्या स्वतःच्या एका आकड्याच्या वेळी मला तिचा भरवसा वाटला नाही. ताई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली आणि फक्त इतकंच म्हटलं, "मला वाईट वाटू नये म्हून केलंसा, व्हय? मग मला इचारायचं हुतं. मी परत जाऊन बगून आले असते."

वही काखेत धरून म्हणाल्या, "सुभेदारसायबास्नी तुमी सांगा. मी सांगून उपेग न्हाई."

मी त्याच दिवशी ताईंचा आकडा जसाच्या तसा चढवला आणि खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की मूळ आकडा शालनताईंचा होता, तो मी त्यांना न विचारता बदलला, चूक पूर्णपणे माझी आहे. मगदूम सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "हा पाच मार्कांचा प्रश्न ना आपला?" एवढंच म्हणाले. मग स्वतः उठून ताईंकडं गेले आणि त्या दिवशी जे बोललो ते मागं घेतो म्हणाले. मगदूम सरांना कुणापुढं असं बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

सुभेदारांना फोन केला. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, कुणी बदलला, का बदलला, मला त्याच्याशी काम न्हाई. नवीन आकड्यावर जाऊन बघणार. मिळाला तर मिळाला लिहिणार, न्हाई मिळाला तर न्हाई लिहिणार. बाईंना राग आला तरी."

मी हे ताईंना सांगितलं. "आसंच पायजे," त्या म्हणाल्या. "दया दावाय आला तर डबाच काडून घिईन मी."

त्या रविवारी सकाळी ताई, सुभेदार आणि मी असे तिघं ताईंच्या गावच्या माळाखाली भेटलो. ताईंना मी माळावर पाहिलं ते शेवटचंच. नंतर दोन महिन्यांत त्या निवृत्त झाल्या आणि गावी राहायला गेल्या. सणासुदीला फोन येतो, हळकुंडांचं पाकीटही येतं. पण शालनताई म्हटलं की मला दिसतात त्या त्या सकाळच्या.

सुभेदार ताठ, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी स्वतःचं यंत्र एका सरळ काठीच्या टोकावर बसवलेलं होतं, काठीला पाणसळ लावलेली, म्हणजे काठी कलली की लगेच कळावं. ताईंनी ती काठी नीट निरखली. "ब्येस हाय," म्हणाल्या. सुभेदारांनी ताईंच्या हातातला तवा पाहिला. त्यांच्या मिशा जरा हलल्या. मला वाटलं, आता हसतील. हसले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

"तुम्ही इथंच थांबा, बाई," ते म्हणाले. "वर कुणी यायचं न्हाई. हाक मारायची न्हाई, खूण करायची न्हाई."

"न्हाई करत," ताई म्हणाल्या.

सुभेदार चढू लागले. ताईंनी तवा बांधावर ठेवला आणि माळाकडं सरळ पाठ फिरवली. समोर खाली ऊस, कोरेगावच्या रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर. मी अजून वरच बघत होतो.

"सर, तुमी बी हिकडं वळा."

"का हो?"

"तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय. त्यो जवळ गेला की तुमी हसणार, लांब गेला की तोंड पाडणार. त्यो हुशार माणूस हाय, वळखंल. मग आकड्यावर गावला कसा म्हनायचा?"

मी वळलो. दोघं उसाकडं बघत उभे राहिलो. पाठीमागं दगडांवर बुटांचा आवाज येत होता. तो थांबला. माझ्या हिशेबानं तो आधीच्या चुकीच्या जागेपाशी थांबला होता, माझ्या जागेपाशी. मला राहवेना. मी मान न वळवता डोळे तिरके करून पाहायला लागलो, तर ताई पुटपुटल्या, "सर." मी परत उसाकडं पाहिलं. ताईंचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतायत. मग लक्षात आलं, त्या आकडा म्हणत होत्या. सगळा, पहिल्यापासून शेवटच्या तीन अंकांपर्यंत, आणि परत पहिल्यापासून.

बूट पुन्हा चालू लागले. थोडं वर, मग आडवे. मग आवाजच थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ताईंनी पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला. मग सोडून परत खोचला. इतकी वर्षं डोक्यावर यंत्र घेऊन झाडासारखी उभी राहिलेली ही बाई चुळबुळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वर स्टीलच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज झाला.

मी वळलोच. सुभेदार खडकापाशी गुडघ्यावर बसले होते, एका हातात डबा, दुसऱ्या हातात काठी. काठीचं खालचं टोक खडकाला टेकलेलं होतं. त्यांनी मोबाइल पाहिला, काठी पाहिली, परत मोबाइल पाहिला. मग ते उठून उभे राहिले आणि खाली आमच्याकडं तोंड करून, परेडच्या मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शालनताई, काठी ठेवली तिथं डबा आहे. एक पाऊलसुद्धा फरक न्हाई. हा आकडा तुम्ही घेतलाय, हे मी लिहिणार आहे, तुमच्या पुऱ्या नावानिशी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलंही नाही. इतका अभिमान मला माझी पीएचडी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता. मी ताईंकडं पाहिलं.

त्या अजून उसाकडं तोंड करूनच उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर, मान ताठ.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "आता वळू का?"